सूर्याची एक बाजू गप्प होती तेव्हा

मित्रांनो, दुर्बीण म्हटली की तुम्हाला रात्र आणि चांदण्या आठवतात. मी मात्र रात्री झोपणारी, जुनी, पितळी दुर्बीण आहे. सूर्य वर आला की माझे काम सुरू होते आणि ढग आले की मला सुट्टी मिळते.

माझे मोठे भिंग एका काच घासणाऱ्या कारागिराने घडवले. तो आणि त्याची बायको आळीपाळीने काच घासत. मधेच तो भिंग उजेडाकडे धरून म्हणायचा, "झालं." बायको म्हणायची, "तुझं झालं असेल, काचेचं अजून व्हायचंय." तिच्या त्या हट्टामुळेच माझी नजर आजही साफ आहे.

पुढे मला वेधशाळेच्या गच्चीवरच्या गोल खोलीत बसवले. दोर ओढला की छपराची फट उघडते आणि मी सूर्याकडे तोंड करते. माझ्या खालच्या टोकाला एक धाकटे भिंग आहे. त्यातून उजेड बाहेर येतो आणि फळीवर लावलेल्या पांढऱ्या कागदावर सूर्याचे बशीएवढे चित्र पडते. माझ्यातून डोळा लावून सूर्याकडे कुणीही पाहत नाही. पाहिले तर डोळा कायमचा जाईल. तुम्हीही तसे कधी करू नका.

त्या चित्रात काळे डाग दिसतात. ते खरे काळे नसतात. भोवतालच्या धगधगत्या भागापेक्षा थोडे कमी तापलेले असतात, इतकेच. पण त्यातला एखादा आपली अख्खी पृथ्वी पोटात घेईल एवढा असतो! हे डाग कागदावर पेन्सिलीने उतरवून घेणे हे आमचे रोजचे काम. वर्तुळाचा वरचा अर्धा भाग म्हणजे सूर्याचा उत्तर गोलार्ध, खालचा अर्धा म्हणजे दक्षिण.

खोलीचा एक कडक नियम होता. आधी वर्तुळ आखायचे आणि सूर्य त्यात नेमका बसवायचा. रेषेबाहेर केसभर सरकला तरी चित्र बाद. आधीच्या निरीक्षकांनी हा नियम आपल्या मुलीला शिकवला. त्यांची नजर अधू झाल्यावर ती त्यांच्या जागी आली. तिला सगळे ताई म्हणत. ताईचा हात वडिलांपेक्षाही हलका होता. चित्र झाले की माझ्यावर सुती झाकण घालायची आणि म्हणायची, "झोप आता."

मग एक विचित्र काळ आला. वरच्या अर्ध्या भागात डागांची नुसती गर्दी आणि खालचा अर्धा भाग जवळजवळ कोरा. दिवस गेले, ऋतू गेले, तरी तेच. ताई दक्षिणेकडचा कोरा कागद इमानाने कोरा ठेवत राहिली. बघणारे मात्र कुजबुजू लागले. "म्हातारीला अर्धंच दिसतंय," असे कुणीतरी जिन्यात म्हटलेले मी ऐकले. म्हातारी म्हणजे मी.

वेधशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या वर आल्या. स्वभावाने कडक, पण न्यायी. त्यांनी बराच वेळ चित्र न्याहाळले आणि म्हणाल्या, "धाकट्या भिंगाच्या अर्ध्या भागात बुरशी धरली असणार. म्हणून तेवढ्या भागातले डाग दिसत नाहीत. काढून बघू. तसं निघालं तर ताई, इतक्या दिवसांची चित्रं रद्द करावी लागतील, आणि ही जाईल भंगारात."

ताई पेन्सिलीचे टोक उगाचच कोरत राहिली. तिची सगळी मेहनत आणि माझा जीव, दोन्ही आता त्या धाकट्या भिंगावर टांगलेले होते.

अडचण अशी की उन्हाने तापून तापून त्या भिंगाच्या कड्याचे आटे गच्च बसले होते. मिस्त्रीकाका पाना घेऊन आले.

"काका, जपून हं," ताई म्हणाली. "तसलं भिंग आता कुठे मिळत नाही."

"अगं, माझ्या हातून आजवर काही फुटलेलं नाही."

"आणि मागच्या महिन्यात ती खिडकी?"

"ती फुटायलाच टेकली होती. मी फक्त हात लावला."

काकांनी पाना लावला, दात ओठ खाल्ले, जोर केला. पाना निसटला आणि त्यांचे कोपर धाडकन माझ्या नळीवर बसले. मी हलले. कागदावरचा सूर्य वर्तुळातून घसरून खाली गेला.

"अहो, रेषेबाहेर गेला!" ताई सवयीने ओरडली आणि मला मागे लोटायला धावली.

मोठ्या बाईंनी तिचे मनगट धरले. "थांब. हात लावू नकोस."

उत्तरेकडच्या डागांचा तो सगळा घोळका आता कागदाच्या खालच्या भागात आला होता. त्या भागातले भिंग अधू असते, तर डाग तिथे येताच पुसट व्हायला हवे होते. पण ते ठसठशीत होते. त्यांच्याभोवतीचे राईच्या दाण्यापेक्षा बारीक ठिपकेसुद्धा दिसत होते. बाईंनी स्वतः मला हळूच वर नेले, खाली आणले, कडेला ढकलले. डाग सगळीकडे तसेच.

"भिंग चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "कमाल आहे! सूर्य रेषेत बसवायच्या नादात तो जरा हलवून बघावा, हे मलासुद्धा सुचलं नाही."

"मग माझ्या कोपराला चहा पाजा," काका कोपर चोळत म्हणाले. ताई हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

दोष माझ्यात नव्हता आणि ताईच्या हातातही नव्हता. सूर्याची दक्षिण बाजू खरोखरच गप्प होती. पुढे लांबच्या एका वेधशाळेची चित्रे टपालाने आली. त्यांतही खालचा भाग तसाच मोकळा होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. एका सकाळी ताईला खालच्या अर्ध्या भागात, अगदी कडेला, एक ठिपका दिसला. तिला वाटले पेन्सिलीची भुकटी असेल. तिने फुंकर मारली. ठिपका उडाला नाही. पुन्हा मारली. ठिपका होता तिथेच!

"बाबांना सांगायला हवं!" असे म्हणून ती जिना उतरत धावली. त्या दिवशी माझ्यावर झाकण घालायचेही विसरली. मला त्याचा जराही राग आला नाही.

तो ठिपका सूर्याबरोबर फिरत पुढे सरकला. त्याच्यामागून आणखी आले. उत्तरेची गर्दी ओसरत गेली आणि दक्षिण भरत गेली. मित्रांनो, सूर्य एकच, पण त्याचे दोन्ही अर्धे बरोबरीने जागे होतातच असे नाही. कधी एक पुढे असतो, कधी दुसरा. असे का होते, ते जाणत्या माणसांनाही अजून पुरते उलगडलेले नाही. ते कोडे कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी सोडवेल.

आता सूर्याची छायाचित्रे काढणारी मोठमोठी यंत्रे आली आहेत. तरीही ताई रोज छपराचा दोर ओढते. तिचे केस पांढरे झाले आहेत आणि माझे पितळ काळवंडले आहे. शाळेतली मुले येतात, कागदाभोवती कोंडाळे करतात आणि डाग शोधतात.

माझे मागणे फार नाही. माझ्या भिंगावर बोटे उमटवू नका आणि काम झाले की झाकण घाला. आणि कुणाची एखादी बाजू बरेच दिवस गप्प दिसली, तर ते बिघडलेच असे धरून त्याला भंगारात काढू नका. आधी जरा वेगळ्या जागेवरून बघा. कागद कोरा राहिला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्तुळ आखा.

सकाळी आकाश मोकळे असेल तर या. ठिपका दिसला तर आधी फुंकर मारा. नाही उडाला, तर ताईला हाक मारा. ती अजूनही धावत येते.