पांढरी चार

पितळेचं ते पातं करंगळीच्या नखाहून अरुंद होतं. एका टोकाला रिव्हेटने जखडलेलं, दुसऱ्या टोकाला मोकळं, आणि मोकळ्या टोकाशी हिरवट गंजाचा एक ठिपका... मुख्तारने ते खिडकीच्या उजेडात धरून फुंकर मारली, तसं ते थरथरलं आणि थांबलं – पण थांबल्यावरही ते हलतंच आहे असं त्याला वाटत राहिलं, आणि मग ध्यानात आलं की हलतो आहे तो आपला हात. सकाळपासून हलतो आहे. खरं म्हणजे कालपासून, जफरने तो लिफाफा आणून दिला तेव्हापासून.

टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. बाजाच्या पेटीचं शास्त्र एवढंच, आणि ते त्याला वडिलांनी दहाव्या वर्षी याच दुकानात, याच खिडकीपाशी शिकवलं होतं. जास्त चढला तर मुळाशी घासून उतरवता येतो. जास्त उतरला तर पुन्हा टोकाशी... पण प्रत्येक वेळी थोडं पितळ जातं, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. दोन्हीकडून घासलेलं पातं वाजतं सुरातच, ऐकणाऱ्याला काही कळत नाही, फक्त घासणाऱ्याला ठाऊक असतं की ते आता पातळ झालं आहे आणि एखाद्या दिवशी भात्याचा जोर आला की मोडणार आहे. अकरा वर्षं – त्याने कानस उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. रागात कानस धरू नये. हेही वडिलांचंच.

बाहेर जिनिंगचा भोंगा वाजला. कापसाच्या गाड्यांची रांग दुकानापर्यंत आली होती, बैलांच्या शिंगांना पांढरे धागे अडकले होते. जिनाची घरघर हंगामभर दिवसा थांबत नसे. तिचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठंतरी होता, पेटीत न सापडणारा, आणि मुख्तारला तो लहानपणापासून आवडायचा.

लिफाफा खिळ्यांच्या डब्याखाली होता. त्यात टाइप केलेले तीन कागद आणि एक गोल, गर्द हिरवा कागद, मधोमध भोक असलेला – तबकडीवर चिकटवतात तो, नमुन्यादाखल. भोकाच्या वर मोठ्या अक्षरांत उस्ताद मोहिउद्दीन ‘बेदार’, कारण कंपनी त्यांचीच, यंदाच मुंबईत काढलेली. भोकाच्या खाली बारीक अक्षरांत – मुख्तार बेदारी. बेदारी! बापाचं नाव नाही, गावाचं नाही. उस्तादांच्या टोपणनावाला एक वेलांटी लावली की शागीर्द तयार. कागदांत काय होतं ते त्याने काल तीनदा वाचलं होतं. दहा वर्षं दुसऱ्या कोणासाठी गायचं नाही, उरुसात नाही, लग्नात नाही. काय गायचं, कोणत्या शब्दांत, कोणत्या पट्टीत, ते उस्ताद ठरवतील. जे गाईल ते घराण्याचं. सही करून कागद तीनच्या पुसद एस्टीने जफरबरोबर परत पाठवणे.

कोणत्या पट्टीत! जणू आजवर ते मुख्तार ठरवत होता. उस्तादांचा आवाज पांढरी चारचा – उंच, धारदार, उरुसाच्या गर्दीत चपला सांभाळत बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा – आणि त्यांच्या कव्वालीच्या पार्टीत जो बसेल त्याने पांढरी चारमध्येच गायचं, हा कायदा. मुख्तारचा आवाज खालचा, काळी एकचा. पेटीवर मोजलं तर मधे तीन पट्ट्या. गळ्यात मोजलं तर... पुसदच्या पहिल्याच मैफलीनंतर त्याने चूळ भरली तेव्हा पाण्यात एक लाल धागा होता, आणि उस्ताद पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, ‘गला खुल रहा है, बेटा.’ आणि मी मान डोलावली. मी – पेट्या दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, टोकाशी घासलं की काय होतं हे ज्याला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं, त्या मी!

“काय मुख्तारभाऊ, आमच्या पेटीचा सा अजून रडूनच राह्यला का?”

दारात नानाजी उभे होते, गाडी जिनाच्या रांगेत लावून आलेले, मिशीला कापूस लागलेला. पेटी त्यांच्या भजनी मंडळाची होती.

“गंजला होता. देतो संध्याकाळपर्यंत.”

“द्या बापा. परवा त्या सुरापाशी आलो का समदे खाली मान घालत. मले त वाटे कोनी मेलं.” नानाजी आपल्याच बोलण्यावर हसले आणि निघता निघता वळले. “तुमच्या उस्तादाचा थो चक्कीवाला गाना लावला होता आता हाटेलात. बम गोड! म्या दोन डाव लावाले लावला. कोठून सुचत असन हो त्या मानसाले?”

“सुचत असन,” मुख्तार म्हणाला. कानस समोरच होती, पण ती त्याला दिसेना.

सुचतं! कुठून सुचतं ते या दुकानाच्या मागच्या भिंतीला विचारा. भिंतीपलीकडे घर, घरात जातं, आणि जात्यावर अम्मा – आयशाबी – त्याच्या जन्माच्या आधीपासून ते गाणं म्हणत आलेली, अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, पिठाइतकंच भरड:

दाना दाना पिस गई मैं, खुंटा मेरा हिलता ना
बोले आयशा, दार तो खोल रे, मुझसे पाट ढकलता ना

दार उघडायला सांगते आहे ती अल्लाला, जावेला सांगावं तसं. आणि शेवटच्या ओळीतलं नाव ठरलेलं नसे. जी दळेल तिचं नाव, असा बायकांचा रिवाज. शेजारची जैबुनबी खुंट्याला हात लावायची तेव्हा तीच ओळ ‘बोले जैबुन’ व्हायची, आणि दोघी मिळून दळत असल्या तर नावापाशी हसू फुटायचं, कारण दोघी आपापलं नाव घ्यायच्या आणि ओळ चिरडून जायची. न दळता नाव घेतलेलं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मुख्तारच्या कानात मात्र ‘आयशा’च बसलं होतं. शेवटचा आ उघडा, आणि नेमका तिथं जात्याचा फेरा पूर्ण व्हायचा, श्वास मोकळा सुटायचा. तबकडीतल्या ‘कहे बेदार’मध्ये तो श्वास र वर आपटतो. उस्तादांनी तिथं एक तान टाकून ती ठेच झाकली आहे. खुंटा काढून टाकला आहे, ‘ढकलता’ काढून टाकलं आहे, ‘दार’चं ‘दर’ केलं आहे. धुतलं, पुसलं, अत्तर लावलं. चोर!

पण हा शब्द मनात आला की नेहमी जे व्हायचं तेच आताही झालं – शब्द अर्ध्या वाटेवरून मागे फिरला आणि त्याच्याच अंगावर आला. कारण चोरी झालीच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी, मनगटावर शागीर्दीचा गंडा बांधून घ्यायचा त्या दिवशी बाकीच्या पोरांनी उस्तादांपुढे फेटे ठेवले, मिठाई ठेवली, एकाने चांदीची अत्तरदाणी. एकोणीस वर्षांच्या मुख्तारजवळ काही नव्हतं, म्हणून त्याने गाणं ठेवलं. आणि ते नजर करायचं म्हणून, नजराण्यात बुढीचं नाव बरं दिसणार नाही म्हणून, त्यानेच – आदल्या दिवशी एस्टीत बसून, बोटांवर मात्रा मोजून – ‘आयशा’ काढलं होतं आणि ‘बेदार’ बसवलं होतं. किती खूश झाला होता तो, नाव बसलं तेव्हा! उस्तादांनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. मी दिलं होतं ते. कुणी मागितलंही नव्हतं.

तो उठला. तहान लागली होती, किंवा उठायला काहीतरी हवं होतं.

मागच्या पडवीत अम्मा तुरीची डाळ भरडत होती. पिठाची गिरणी आल्यापासून जात्याला तेवढंच काम उरलं होतं. पाठमोरी, एक पाय लांब, मान फेऱ्याबरोबर डोलणारी. तो माठापाशी वाकला आणि पेला भरता भरता ऐकत राहिला, लहानपणापासून ऐकलं तसं, न ऐकता... दाना दाना पिस गई मैं... आणि फेरा पूर्ण झाला, आणि त्याच्या हातातून पाणी सांडलं.

कहे बेदार, अम्मा गात होती. कहे बेदार.

“अम्मा! हे कोनाचं नाव घेतलं?”

जातं थांबलं. “काहून? रेकाटात असंच हाय ना. जफरनं आयकवलं होतं, पाठ केलं म्या.” ती जरा लाजलीही होती, नवं लुगडं नेसून दाखवावं तशी. “आपलं त गावंढळ होतं.”

“तुहं नाव होतं त्यात.”

“बुढीच्या नावाले काय करतं? एवढ्या मोठ्या मानसानं गायलं, थेच बरोबर असन.”

“दळते कोन? तू का थो?”

“आता दळते त मीच.” तिने तळहात पुढे केले, घट्टे पडलेले, आणि हसली. “त्याले बसव इथं, पायलीभर भरडू दे, मंग पाहू कोनता सूर निंगते त.”

त्याला हसू आलं नाही. तिने एवढं सहज सोडावं, एवढं हसत, आणि वर ते बरोबर असं समजून पाठ करावं – उस्तादांवरचा राग, जफरवरचा, तिच्यावरचा, सगळे राग एकमेकांत मिसळून तळाशी एकच राहिला, आणि त्याचं तोंड कुणाकडे होतं ते त्याला नीट ठाऊक होतं.

“म्याच काढलं होतं थे,” तो म्हणाला. पण तोवर जातं पुन्हा सुरू झालं होतं, आणि तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही. दोन फेऱ्यांनंतर तिने मान न वळवता विचारलं, “मंग तू गाशीन तवा कोनाचं नाव घेशीन रे?”

तो तसाच दुकानात परत आला. कानस घेतली. पातं बोटांत धरून त्याने मुळाशी एकदा घासलं, ऐकलं, पुन्हा घासलं. हात हलत होता, तरी घासलं.

जफर आला तो एस्टीची घाई घेऊनच. पार्टीत ढोलक वाजवायचा. अकरा वर्षं एका ताटात जेवलेला गुरुभाऊ.

“झाली का सही? बस लागून राह्यली.”

“नाही केली.”

“मंग कर ना बे. पेन देऊ?”

“करत नाही.” मुख्तारने लिफाफा काढून त्याच्या हातात दिला.

जफर आधी हसला, मग त्याच्याकडे पाहून थांबला. “उस्तादले काय सांगू? बिमार हाय म्हनू?”

“बरा हाय म्हन.”

“येडा झाला का बे? त्या कागदासाठी पार्टीतले चार जनं उस्तादचे पाय चेपून राह्यले. गाशीन कोठी? नानाजीच्या भजनात?”

“बोलावलं त जाईन.”

“आन आयकन कोन? नाव कोनाचं हाय तुह्यापाशी? उस्तादचं नाव काढलं त तू पेट्या ठोकनारा –”

“नाव? माह्या मायच्या तोंडी त्याचं नाव गेलं बे! घरात! जात्यावर! तिचं गानं, तिचा हात, आन नाव –” मुख्तार ओरडत होता, गाड्यांवरची माणसं वळून पाहत होती, आणि त्या ओरडण्याच्या ऐन भरात त्याच्या कानाने, त्या दहाव्या वर्षापासून तयार झालेल्या निर्दय कानाने, त्याला सांगितलं की तू पांढरी चारमध्ये ओरडतो आहेस. धारदार, उंच, शेवटच्या माणसापर्यंत. रागसुद्धा त्यांच्याच पट्टीत. त्याचा आवाज मधेच तुटला.

जफरने लिफाफा खिशात घातला. मग हळूच त्याच्या मनगटाकडे बोट केलं. तिथं काळा गंडा होता, दर उरुसाला नवा बांधलेला. “आन हा?”

मुख्तारने गंड्याकडे पाहिलं. तोडून हातात द्यावा, अंगावर फेकावा – हे सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. “राहू दे,” तो म्हणाला. “थो म्या बांधून घेतला होता.”

“सोचून घे. पुढच्या जुम्म्याले येतो मी.”

“तवाबी हेच.”

जफर गेला. एस्टी गेली, तिचा धुरळा कापसावर बसला. दुकानात मोठं काही घडलं नव्हतं. खिळ्यांचा डबा उचलला तर खाली तो गोल हिरवा कागद राहून गेलेला, लिफाफ्यातून सुटून. भोकाच्या वर एक नाव, भोकाच्या खाली दुसरं. त्याने तो चुरगाळला नाही, उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

पातं पेटीत बसवलं. भाता ओढून वाजवलं – किंचित चढंच होतं अजून, पण नानाजींना कळलं नसतं. त्याने पेटी वळवून घेतली आणि काळी एक दाबली. तिथून, खालून, तो म्हणू लागला. दाना दाना... आवाज खरखरीत निघाला, ओळखीचा नसलेला, आपल्याच घरात पाहुणा आल्यासारखा. गळ्यात ओढ नव्हती, आणि ओढ नाही म्हणून कशाला धरून उभं राहावं तेही कळत नव्हतं. खुंटा मेरा हिलता ना. भिंतीपलीकडची जात्याची घरघर थांबली.

बोले – आणि तो नावापाशी आला. ‘बेदार’ नाही. ‘आयशा’ ओठांवर आलं होतं, पण दळणारी ती, ती आता भिंतीपलीकडे कान देऊन बसलेली, आणि तिचं नाव आपण एकदा काढलं, तसं एकदा घालायचंही आपणच? मग ‘मुख्तार’? अकरा वर्षं जे घासलं गेलं ते दळण धरायचं का? त्याने नावाच्या जागी नुसता आ लावला आणि लांबवला, उघडाच, भाता हळूहळू रिकामा होईपर्यंत.

“आगे?” अम्मा पलीकडून म्हणाली. “थांबला काहून?”

राग गेलेला नव्हता. छातीत खाली, आजवर कधी गेला नव्हता इतक्या खाली जाऊन बसला होता. भात्यावरचा हात अजून हलत होता. त्याने तो उजेडात धरून पाहिला, सकाळी पातं धरलं होतं तसा, नीट, बारकाईने... पातंही वाजतं तेव्हा हलतंच. मग त्याने पुन्हा भाता भरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. नावाची जागा अजून दूर होती.