निकालाआधीचा शिरा

श्यामकांत देवस्थळींच्या घरात निकालाच्या आधी शिरा व्हायचा. दहावीचा निकाल असो, मराठी मंडळाच्या नाट्यस्पर्धेचा असो की प्रमोशनचा. निकाल लागल्यावर गोड करायचं, ही जगाची रीत त्यांच्या बायकोला, प्रभाला, मान्य नव्हती. नंतर केलेला शिरा निकालाचा होतो, आधी केलेला पोरीचा, असं म्हणून ती रवा भाजायला घ्यायची.

हिवाळ्यात प्रभा गेली. त्यानंतर सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये शिरा झाला नव्हता. आता मात्र निकाल येऊ घातला होता. त्यांची मुलगी लतिका इस्तंबूलला गेली होती, कॉम्प्युटर गेमच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या मुलींच्या संघातून खेळायला. पाच जणींचा संघ. कोणाला वाटलं नव्हतं, पण पोरी सेमीफायनलला पोचल्या होत्या.

श्यामकांतांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नसे. इतकी वर्षं लतिकाच्या खोलीचं दार बंद आणि आतून मायलेकींचा आरडाओरडा, एवढाच त्यांचा संबंध. प्रभा लेकीशेजारी स्टुलावर बसून मॅच बघायची. लतिका परगावी असली की फोनवर बघायची आणि मॅच संपल्यावर तिला फोन करायची. हरलीस की जिंकलीस हे विचारायचा प्रश्नच नव्हता, ते तिने पाहिलेलंच असे. त्या जिन्यापाशी का थांबलीस गं, असलं काहीतरी विचारायची.

विमानतळावर लतिकाने एकच गोष्ट मागितली. "बाबा, आपलं कोणीतरी बघत असलं पाहिजे. नाहीतर मला खेळता येत नाही. तुम्ही बघाल ना?"

बघेन, असा शब्द त्यांनी दिला.

मॅच रविवारी दुपारी होती. समोरच्या ब्लॉकमधला विश्वास गायकवाड चर्चमधून थेट आला, बरोबर त्याची बायको हेमलता. श्यामकांतांनी शिरा करून ठेवला होता. हेमलताने एक घास घेतला आणि म्हणाली, "भावोजी, चव छान आहे. गाठी मोजून घातल्यात का?" विश्वासने तेवढ्यात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

श्यामकांतांचा फोन वायरने टीव्हीला जोडला. टीव्ही जुना, चित्र वरून थोडं कापलं जात होतं. नेमके तिथेच झेंडे आणि आकडे होते. हरकत नाही, रंग तर दिसतात, असं ठरलं. निळ्या आपल्या पोरी, लाल त्या कोरियाच्या. निवेदक इंग्रजीतच बोलत होता, पण मालगाडी सुटल्यासारखा, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिल्या अर्ध्या खेळात निळ्यांनी बराच मार खाल्ला. मध्यंतर झालं, चहा झाला. आणि काय आश्चर्य, नंतर निळ्यांच्या अंगात वारं भरलं. लाल पटापट पडू लागले. श्यामकांत खुर्चीच्या कडेवर आले. विश्वास "शाब्बास, बिल्कुल सोडू नका" म्हणून मांडीवर थापा मारायला लागला. शेवटचा लाल पडला तसे तिघेही उभे राहिले. लतिकाला मेसेज करायचा म्हणून श्यामकांतांनी वायर उपटली आणि टीव्ही काळा झाला. विश्वासने मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं: आपली लतिका फायनलमध्ये.

थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

"लतिके, अभिनंदन!" श्यामकांत म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "बाबा, आम्ही हरलो."

"अगं, निळे जिंकले की. आम्ही तिघांनी बघितलं."

"मध्यंतरानंतर रंग बदलतात, बाबा. नंतर आम्ही लाल होतो."

श्यामकांत खाली बसले. कॉलेजात ते कबड्डी खेळले होते. कबड्डीत बाजू बदलते, बनियन बदलत नाही. आपण अर्धी मॅच पोरीच्या विरुद्ध टाळ्या वाजवल्या, हे त्यांनी तिला सांगून टाकलं. बघेन म्हटलं होतं, आणि बघितलं ते असं.

फोनमधून आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू.

"आईने पहिल्यांदा हेच केलं होतं. आख्खी मॅच. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "पुढे तिला कसं कळायचं?"

"ती रंग बघायचीच नाही. फक्त मला बघायची. खेळाडूच्या डोक्यावर नाव येतं. माझं लट्टू आहे."

लट्टू ही घरातलीच हाक होती, त्यांचीच.

विश्वास केंद्र सरकारचा माणूस. त्याने ग्रुपवर रीतसर शुद्धिपत्र काढलं: "फायनलमध्ये" याऐवजी "तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात" असे वाचावे.

तो सामना सोमवारी होता. श्यामकांतांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण लिहिलं घरगुती काम. हेमलताने शेजारी उभं राहून दूध कधी आणि किती घालायचं ते दाखवलं, पण बघायला ती थांबली नाही. आज तुम्ही एकटेच बघा, म्हणाली. शिऱ्याची वाटी घेऊन ते लतिकाच्या खोलीत गेले आणि प्रभाच्या स्टुलावर बसले. स्टूल फार बुटकं होतं. इतकी वर्षं तिचे गुडघे का दुखायचे ते आता कळलं.

फोन जवळ धरून त्यांनी फक्त लट्टूला बघितलं. ती निळी झाली, लाल झाली, भिंतीमागे लपली, दोनदा मेली. बाकी काय चाललंय ते त्यांना कळलं नाही. शेवटी आकडे समोर आले. भारत चौथा.

फोन त्यांनीच केला.

"ती तुमच्यातली एक कोपऱ्यात अडकली होती," ते म्हणाले. "सगळे पळत होते आणि तू तिच्यासाठी मागे फिरलीस. तिथे तू पण पळायला हवं होतंस का?"

"हो," लतिका म्हणाली. "पळायला हवं होतं. तिथेच मॅच गेली." मग म्हणाली, "बघितलंत तुम्ही."

"बघितलं. आणि मला ते आवडलं."

तिने पुन्हा नाक ओढलं आणि शिरा उरलाय का विचारलं. उरला नाही, असं त्यांनी कबूल केलं. पण बुधवारी तू यायच्या आधी ताजा करून ठेवतो, म्हणाले.

"बुधवारी कसला निकाल आहे?"

"माझा," श्यामकांत म्हणाले. "गाठींचा. हेमलतावहिनी तपासणार आहेत."