निम्म्याच्या जेमतेम वर

धाकट्या बहिणीच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. तिला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून ती लिहायची. "दादा, सार्वमताला जाऊ नकोस. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांग, घरी बसा. निम्मे मतदार आले नाहीत तर सरकारचा निर्णय आपोआप पडतो. तो टिकला तर मी संपले."

निर्णय होता लहान गावांतले डायलिसिसचे विभाग बंद करण्याचा. बहिणीला एक दिवसाआड मशीनवर जावं लागे. गावातलं मशीन गेलं की शहर गाठायचं, म्हणजे पहाटेची बस आणि रात्रीचं घर. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला तेवढा वेळ ती कुणाच्या भरवशावर टाकणार?

ग्रंथपाल रोज कागद पुढे ओढत आणि बाजूला सारत. मत देऊ नका, असं लोकांना सांगायला त्यांची जीभ रेटेना. जन्मभर वाचलेलं सगळं त्याच्या उलट होतं. शिवाय निम्मे लोक येणारच असले, तर घरी बसलेल्यांचा नकार फुकट जायचा. विचार करकरून डोकं पिकलं, पण धड इकडे नाही की तिकडे नाही.

मतदानाच्या सकाळी खालच्या मजल्यावरचे टेलर मास्तर जिन्यात उभे होते, मागे इमारतीतली दहा-बारा माणसं. सगळी विभाग बंद करण्याच्या विरोधातली.

"तुम्ही आमच्यापेक्षा चार बुकं जास्त वाचलीत," मास्तर म्हणाले. "सांगा, जायचं की बसायचं?"

ग्रंथपालांनी पायात चपला सरकवल्या.

"जाऊ या," ते म्हणाले. "नाही म्हणून येऊ."

शाळेच्या वर्गापुढे रांग होती. औषधवाला, निवृत्त नर्स, सगळे नकार द्यायलाच आलेले. एकेक ओळखीचा चेहरा दिसला की ग्रंथपाल मनात निम्म्याकडे सरकणारा आकडा मोजत. तरी त्यांनी शिक्का मारला, घडी घातली आणि मतपत्रिका पेटीत टाकली.

संध्याकाळी निकाल लागला. मतदान निम्म्याच्या जेमतेम वर. होकार जास्त. निर्णय कायम.

मास्तर दाराला टेकून उभे राहिले. "विरोध करायला गेलो आणि त्यांचाच आकडा भरून आलो," ते म्हणाले, पण हसले नाहीत. आपण बसलो असतो तर काय झालं असतं, असंही त्यांनी विचारलं. एवढ्याशा माणसांनी काय फरक पडतो, असं म्हणून सुटता आलं असतं. ग्रंथपालांनी बहिणीचं पत्रच त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते वाचलं, परत दिलं आणि जिना उतरून गेले.

मग ग्रंथपाल लिहायला बसले. "तू सांगूनही मी गेलो. इमारतीलाही नेलं. रागाव, पण मशीन सोडायचं मनात आणू नकोस. तू बसने जा, मेहुण्यांजवळ मी बसेन. आजाऱ्याचं काही करायची मला सवय नाही, शिकव. जमेल की नाही, देव जाणे. मी येतोय."

ती दार उघडेल का, तिच्या अंगात दिवसाआडच्या त्या बसचं बळ उरलंय का, काहीच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते बराच वेळ घुटमळले. मग पाकीट आत सोडलं.