दोनदा उसवलेली लोकर

नवी लोकर सरळ असते. एकदा विणून उसवली की तिला बारीक वळ्या पडतात. जिथे जिथे टाका होता, तिथे तिथे एक. वाफ द्या, वजन बांधून लटकवा, वळ्या थोड्या सैल होतात. पुरत्या जात नाहीत. मित्रांनो, मी अशीच वळ्यावळ्यांची जुनी पिवळी लोकर आहे, आणि खरे सांगायचे तर मला आता या सगळ्याचा वीट आला आहे.

मला दुकानातून सासूबाईंनी आणले. सुनेला दिवस गेले होते. मुलगा की मुलगी ठाऊक नाही, म्हणून पिवळा रंग. सासूबाईंचा हात सफाईदार. बाळाच्या स्वेटरची पाठ माझ्यातून भराभर वाढू लागली. घरी येणारी प्रत्येक बाई बोट फिरवून ‘किती मऊ’ म्हणायची. मी फुशारून गेले होते. मग एके दिवशी सून दवाखान्यातून आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. सासूबाईंनी सुया काढल्या आणि मला सरसर उसवले. तिच्या नजरेला पडायला नको, म्हणे. आपल्या मुलाच्या दोन्ही हातांवर माझी लड गुंडाळली.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्या वेळचे खापर माझ्यावर फोडले. बाळाआधी झबली-टोपरी विणायला बसलात, मग काय होणार, असे त्यांचे म्हणणे. आता मला सांगा, मी कपाटात पडलेली लोकर, मी काय करणार? डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते की यात सुनेच्या खाण्याचा, चालण्याचा, वजन उचलण्याचा काही दोष नाही. ते कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! सासूबाई मला स्वयंपाकघरात डब्यांमागे लपवून विणू लागल्या. व्हायचे ते झालेच. पुन्हा उसवणे आले.

आणि वर सगळ्यांचे औषध एकच: ‘पुढच्या वेळी’. ते शब्द ऐकले की माझा पीळ आणखी घट्ट होई. ‘थोडं थांबू या’ म्हणायला सून तोंड उघडायची, तेवढ्यात नवरा ‘बघू’ म्हणायचा. त्या ‘बघू’वर ती पुन्हा गप्प.

तिसऱ्या वेळी मी बाहीच्या खाचेपर्यंत पोचले होते. काल सून दवाखान्यातून घरी आली. आज सकाळी सासूबाई खिडकीत बसून माझे टोक शोधू लागल्या. डोळे भरले होते, पण हात सवयीने चालत होते.

मित्रांनो, लोकर असो की माणूस, उसवण्याआधी एकदा विचारत जा. मला कधी कुणी विचारले नाही. तिलाही नाही.

सून उठून आली. तिने मला सासूबाईंच्या हातातून घेतले आणि मांडीवर पसरले.

“आई, हे उसवू नका,” ती म्हणाली. “ते बाळ एवढंच आलं होतं. हेही एवढंच राहू दे.”

“अगं, मग पुढच्या वेळी काय विणू?”

“बघू ना, आई,” दारातून नवरा म्हणाला.

सुनेने मान वर केली.

“बघू नाही. मूल मला हवंच आहे. पण आता आपण थांबतोय. पुन्हा कधी, ते मी सांगेन.”