हा सातवाच असू दे

दोन हजार चोवीसच्या वटपौर्णिमेला देव्हाऱ्याच्या खणात सुताचं अर्धं रीळ रमाबाईंच्या हाताला लागलं – करडं पडलेलं, टोक सुटलेलं – आणि ते खाली ठेवावंसं वाटेना. सून भावना बाजारातून आणलेली वडाची फांदी कुंडीत खोचत होती. त्यांचे यजमान उदयसिंह जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. आता या सुताशी रमाबाईंचा काय संबंध?

खांदा कॉलनीतल्या याच घरात त्या अशाच फांदीला सूत गुंडाळायच्या, सात जन्म हाच नवरा मागायच्या, आणि दर वर्षी ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "हा सातवाच असू दे." आवाज सरळ, चेहरा कोरा... फक्त ओठांचा डावा कोपरा जरासा वळलेला. तो दिसला की त्या निर्धास्त. सगळा संसार त्या कोपऱ्याच्या भरवशावर तर...

नात रेवा कॉलेजसाठी आजोबांवर इंग्रजीत काही लिहीत होती.

"आजी, आबांसाठी शब्द सापडला. राय, डब्ल्यू-आर-वाय. असल्या कोरड्या विनोदाला म्हणतात. मूळ अर्थ वळलेलं, पिळलेलं. आधी वाकड्या तोंडाला म्हणायचे, मग तशा बोलण्याला."

वाकडं तोंड... अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं ते गेलंच. शेवटच्या वटपौर्णिमेला अंथरुणातूनच, अक्षरं ओढत, ते तेच म्हणाले. सवयीनं रमाबाईंनी कोपरा बघितला – वळलेला होता. पण तो पेज भरवतानाही वळलेला असे, झोपेतही. मग ती थट्टा होती की...? आणि ती थट्टा नव्हती, तर आधीच्या वर्षांचं काय? विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ते डोळे मिटून पडले.

"आई, सूत कमी पडतंय. जुनं आहे का हो?" भावनानं विचारलं.

रमाबाईंनी रीळ पुढे केलं. "घे. म्हणावं, हा सातवाच असू दे."

भावना हसायला गेली आणि थबकली. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

पुढे रेवा पुण्याला गेली, तो शब्द तिच्या लेखात राहिला. भावना अजून दर वर्षी फांदी आणते. रमाबाई मात्र कधी भांडी लावताना, कधी उगाचच, स्वतःच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावून बघतात – त्या दिवशी भावनाला म्हणताना तो वळला होता का... आपल्याला तरी कुठं ठाऊक आहे?