खंडेनवमीचा दिवा

आमच्या ह्यांनी टॅक्सीच्या बॅटरीला जेवढं जपलं, तेवढं माझ्या नवव्या महिन्याला जपलं असतं तर मी राणी झाले असते! डिलाईल रोडला चाळीखाली टॅक्सी लावली की रोज बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायचे. "उभ्या गाडीतसुद्धा बॅटरी उतरते गं, मालन," म्हणायचे.

खंडेनवमीला टॅक्सीची पूजा झाली, झेंडूची माळ चढली आणि सासूबाई अडून बसल्या. "देवीपुढचा दिवा विझवतो का रे आपण, दौलत? मग हिचे दिवे का विझवायचे? राहू देत रात्रभर." ह्यांनी वायर काढायला उघडलेलं बॉनेट परत मिटलं. रस्त्यावर वाघ, आईपुढे मांजर! पुढचे दोन्ही दिवे रात्रभर जळत राहिले.

दसऱ्याला सकाळीच मला कळा सुरू झाल्या. मी पहिलटकरीण, भीतीने अर्धी झाले. मला मागे बसवून ह्यांनी चावी फिरवली, तर टॅक्सी हूं की चूं करीना. हँडल मारून मारून ह्यांचे हात सोलले. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

चाळीतले बाप्ये ढकलायला धावले, तोच हवालदार शिटी फुंकत आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली, त्यात जमावबंदी लागलेली. "पाच माणसं जमली की जमाव! चौघं ढकला, बाकीचे घरात जा."

चौघांच्या जोराने टॅक्सी वीतभरच हलली. मी आतून ओरडले, "हवालदार, पोटातलंही मोजा आणि घाला आम्हाला बेड्या!" बिचारा गोरामोरा झाला.

सासूबाईंनी पदर खोचला. "बाया मोजता का हो जमावात?"

त्याने मान खाजवली. "बायांचं मला कुणी काही सांगितलेलं नाही, मावशी."

झालं! चाळीचे जिने धडधडले. सणाच्या लुगड्यांतल्या बाया टॅक्सीला भिडल्या. तेवढंच वजन कमी म्हणून मी खाली उतरले. शेजारच्या बकुळाने आरोळी दिली, "संयुक्त महाराष्ट्र!" आणि साऱ्या बाया ढकलताना गरजल्या, "झालाच पाहिजे!" हवालदाराने तोंड दुसरीकडे फिरवलं. टॅक्सीने आचका दिला, धूर सोडला आणि सुटली. सुटली ती सुटलीच. मी रस्त्यावर!

"अगं बाई, बायको विसरला!" बाया हसून हसून वाकल्या. मलाही हसू आलं, मग कळ आली आणि रडूच फुटलं. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि आमची सगळी वरात परळच्या इस्पितळाकडे पायी निघाली. पुढे हवालदार, कारण त्याच्याशिवाय कुणी जाऊ दिलं नसतं.

इस्पितळाच्या दारात टॅक्सी धडधडत उभी होती. हे आत स्टिअरिंग धरून बसलेले, डोळे लाल. "थांबलो असतो तर बंद पडली असती गं. इथं येऊन मागे बघतो तर तू नाहीस. परत फिरलो तर पोलिसांनी रस्ता अडवला."

वाटभर मी शिव्या घोकत आले होते. पहिली ओठांवर आली तेवढ्यात मोठी कळ उठली आणि मी मटकन खाली बसले. ह्यांनी खटकन चावी फिरवून इंजीन बंद केलं. आता ती टॅक्सी आपणहून सुरू होणार नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! धावत येऊन त्यांनी मला भर रस्त्यात दोन्ही हातांवर उचललं.

"अरे, लोक बघतायत," सासूबाई म्हणाल्या.

"बघू देत, आई."

मी डोळे मिटले आणि शिव्या साफ विसरले.