थँकफुलची काच

ट्रस्कॉट घराची ती काच बर्टी फार्नमच्या हातून फुटली, ती भलं करायला जाऊन. वाईट करायला गेली असती तर निदान जपून केलं असतं.

ईस्ट कॅनबीच्या इतिहास मंडळाकडे हे घर आलं तेव्हापासून त्यात फारसं काही बघण्यासारखं नव्हतंच. चार चुली, एक चरखा, आणि ट्रस्कॉट घराण्यातल्या आंबट तोंडाच्या माणसांच्या तसबिरी. पण वरच्या मजल्यावर, पूर्वेच्या खोलीत, खिडकीच्या एका काचेवर नाव कोरलेलं होतं: थँकफुल, १८११. देवाचे उपकार मानून आईबापांनी मुलीचं असं नाव ठेवायचे ते दिवस. पोरीने कुणाची तरी हिऱ्याची अंगठी ढापली आणि बापाच्या महागड्या काचेवर आपलं नाव ओढलं. पुढे एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. तिचं म्हणून जगात उरलं ते एवढंच.

दर वर्षी मे महिन्यात लोकांसाठी घर उघडलं की पहिल्या दिवशी शाळेतली तिसरीची मुलं यायची. रांगेने एकेकाने त्या नावावर बोट ठेवायचं आणि स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. "कोण आलंय ते थँकफुलला कळायला नको का?" असं मार्शिया म्हणायची. मार्शिया हॅडलॉक मंडळाची अध्यक्ष, आणि बर्टीची शाळेपासूनची मैत्रीण. ही रीत त्या दोघींनीच पाडलेली. गावातली निम्मी तरुण माणसं त्या काचेला बोट लावून मोठी झाली होती.

यंदा बर्टी जुन्या खिडक्यांच्या दुरुस्तीचं एका दिवसाचं शिबिर करून आली होती. एका दिवसात माणूस किती शिकतो देव जाणे, पण अंगात किती येतं ते बर्टीला विचारावं. थँकफुलच्या काचेभोवतीची लांबी, काच चौकटीत धरून ठेवणारा तो लगदा, वाळून भुगा झाली होती. आपण ती गुपचूप नवी भरावी आणि उद्घाटनाला मार्शियाला चकित करावं, असं तिच्या मनाने घेतलं. ट्रस्कॉट घरात कुणी नसताना तिने गरम हवेचं यंत्र लावलं, लांबी मऊ करायला घेतली, आणि काच टिचली. आवाजही फार झाला नाही. सरबताच्या पेल्यात बर्फ तडकावा इतकाच.

त्याच पावली मार्शियाकडे जायला हवं होतं. पण महिन्यापूर्वीच एका नव्या बाईने हौसेने पितळी मेणबत्तीदाण्या घासून लख्ख केल्या होत्या, शतकाचा रंग घालवला होता, तर मार्शियाने तिला भर सभेत असं सोललं की बाई पुन्हा फिरकली नाही. आणि त्या वेळी सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती बर्टी. आता कुठल्या तोंडाने जायचं?

मंडळाची माणसं काही म्हणजे काही टाकत नाहीत. पडवीत जुन्या, लाटालाटांच्या काचा रचून ठेवलेल्या होत्याच. बर्टीने त्यातली एक कापली, बसवली, आणि आपल्या साखरपुड्याच्या हिऱ्याच्या अंगठीने, फुटक्या तुकड्यांवरून बघून बघून, नाव कोरलं. आधी पाचसहा तुकड्यांवर सराव केला. शेवटचं इतकं हुबेहूब उतरलं की क्षणभर तिला स्वतःचं कौतुक वाटलं. पुढे रात्र रात्र लाज वाटली ती त्या कौतुकाचीच जास्त.

मूळ तुकडे तिने बिस्किटांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, घरी आणले. तिच्या नवऱ्याने, ड्वाइटने, डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"मार्शियाला सांग," तो म्हणाला.

"मारून टाकेल ती मला."

"फार तर शिव्या देईल. शिव्या खाऊन कुणी मरत नाही. माझ्याकडे बघ."

"तुला कळायचं नाही."

"कळतंय की. तुला शिव्यांचं भय नाहीये. तू आजवर तिच्या बाजूने उभी राहून दुसऱ्यांना हसलीस. आता पलीकडे जाऊन उभं राहायचं, ते जड जातंय."

खरं बोलणाऱ्या नवऱ्यासारखा दुसरा वैताग नाही. बर्टी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मुलं आली. बर्टीने नेहमीची जुन्या काळची टोपी आणि लांब एप्रन घातला होता. तिचं काम ठरलेलं: खिडकीशी उभं राहायचं आणि एकेकाचा हात धरून काचेपाशी न्यायचा. मार्शिया गोष्ट सांगत होती, मुलं कान टवकारून ऐकत होती. पहिल्या मुलाने बोट ठेवलं. "ओवेन!" मग दुसऱ्याने. बर्टीचे हात आपलं काम करत होते. हातांना लाज नसते.

मग हॅटी आली. बारीकशी, चष्मा लावलेली. सगळ्यांनी नुसतं बोट टेकवलं होतं, हिने मात्र अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवलं, जणू वाचत होती. "हॅटी," ती म्हणाली, आणि लगेच, "आई गं!"

बोटाच्या टोकाशी रक्ताचा थेंब आला. जुन्या रेघेची धार कधीच बोथट झालेली असते. कालपरवाच्या रेघेत काचेचा चुरा असतो.

"हळू लावायचं म्हणून किती वेळा सांगितलं!" वर्गाच्या बाई ओरडल्या. मार्शिया धावली, पण मुलीकडे नाही, काचेकडे. विजेरी लावून डोळे बारीक करून बघू लागली. "तडा नाही ना गेला? नशीब. दोनशे वर्षांची काच आहे, बाळा, दाबायची नाही."

"मी नाही दाबलं," हॅटी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला. वर्गातली सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "हॅटीने फोडली."

बर्टीने एप्रनच्या खिशातून पट्टी काढली. गुडघ्यावर बसली, बोट पुसलं, पट्टी लावली. अजूनही निभावलं असतं. मुलं खाली गेली असती, सरबत प्यायली असती, विसरली असती.

हॅटी तिच्या कानाशी वाकली. "थँकफुल माझ्यावर रागावली असेल का?"

बर्टी उठली. गुडघे कटकन वाजले.

"ही थँकफुलची काच नाही," ती म्हणाली. "तिची काच मी फोडली. ही मी बसवलीय. नाव मीच कोरलंय. हॅटीने काही केलेलं नाही."

मग ओवेनने विचारलं, "म्हणजे खोटी आहे?"

"हो."

"मी माझं नाव खोट्या काचेला सांगितलं?"

"हो रे," बर्टी म्हणाली.

मार्शियाने बाईंना खूण केली. मुलं जिन्यावरून धडधडत खाली गेली. मार्शियाने विजेरी बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. बर्टी शिव्यांची वाट बघत राहिली. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुकडे?"

"घरी आहेत. डब्यात."

"गेल्या आठवड्यात राजधानीहून ती संग्रहालयाची बाई आली होती," मार्शिया सावकाश म्हणाली. "मी हीच विजेरी लावून तिला नाव दाखवलं. केवढी फुशारकी मारली. तू माझ्या शेजारी उभी होतीस, बर्टी. मान डोलावत होतीस."

"होते."

"मेणबत्तीदाण्यांवाल्या बाईने मला मूर्ख नव्हतं बनवलं गं."

बर्टीने टोपी काढली. ती हातात धरून काय करावं ते कळेना, म्हणून परत घातली.

"खाली जा," मार्शिया खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "मुलांना सगळं सांग. कशी फोडलीस, कशी लपवलीस, सगळं. मला नाही जमणार. माझ्या तोंडून भलतंसलतं जाईल."

खाली स्वयंपाकघरात मुलं लांब बाकांवर बसून सरबत आणि आल्याची बिस्किटं खात होती. बर्टी चुलीपाशी उभी राहिली आणि तिने सांगितलं. शिबिर सांगितलं, यंत्र सांगितलं, अंगठी काढून दाखवली. अंगठीवर मुलं जरा खूश झाली, तेव्हा तिला आणखीच कसंतरी झालं. गोष्ट रंगते आहे म्हटल्यावर आवाज आपोआप चढला होता, तो तिने खाली आणला.

हॅटी बाकाच्या टोकाला बसली होती, पट्टीचं बोट वर धरून.

"मग तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

मोठ्या माणसांना सांगण्यासारखी कारणं बर्टीकडे पुष्कळ होती. "लाज वाटली," ती म्हणाली.

हॅटीने विचार केला. बिस्किटाचा एक कोपरा खाल्ला.

"मलापण वाटली," ती म्हणाली. "वर. सगळे बघत होते तेव्हा. पण मी तर काही केलंच नव्हतं."

"नाही," बर्टी म्हणाली. "ती लाज माझी होती. तुला घ्यावी लागली."

हॅटीने मान हलवली, म्हणजे हिशेब पटला होता. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि बर्टीनेही विचारलं नाही. मुलांचे पेले रिकामे झाले होते. तिने सरबताचा जग उचलला आणि पहिल्या बाकापासून पुन्हा भरायला सुरुवात केली.